सरासरीत हरवलेलं शेत
आज शेजारच्या आजोबांना घेऊन आमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, शेती कार्यालयात गेले होते. अमेरिकेतल्या आयोवातला मका, पन्नास वर्षांची शेती, आणि यंदा गारपिटीने निम्मं रान झोपलेलं. त्यांनी ज्या सरकारी योजनेत नाव घातलंय, त्यात अख्ख्या काउंटीचं त्या पिकाचं सरासरी एकरी उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या खाली गेलं तरच पैसे मिळतात. काउंटीत बाकी सगळीकडे पीक जोरात आहे. म्हणजे यांच्या वाट्याला बहुधा काहीच नाही. एकट्याच्या नुकसानीला पीक विमा, तो वेगळा.

आणि पैसे निघालेच, तरी ते पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पुढे! बियाणं, खत, डिझेल यांची बिलं इतकं थांबतात का? त्यातही हिशेब यंदा काय पेरलं यावर होत नाही; जमिनीच्या नावावर जुन्या पेऱ्यावरून नोंदलेले 'बेस एकर' धरतात, तेही ८५ टक्केच.

१९३३च्या शेती कायद्यापासून सरकार इथल्या शेतकऱ्याला हात देतंय, तो द्यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. पण परतताना आजोबा गाडीत गप्प होते. त्यांच्या बांधाशी आल्यावर म्हणाले, "जरा थांबव." खाली उतरून आडव्या पडलेल्या मक्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले.