पुलमन यांचे नाव दिसले तेव्हा

आज सकाळी फोनवर इंग्रज कादंबरीकार फिलिप पुलमन यांचे नाव दिसले आणि छातीत धस्स झाले. लेखाचा विषय साधाच होता, त्यांच्या नव्या कादंबरीबद्दल कोणी लिहिले होते; पण माझा चेहरा पाहून आत्याने निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली आणि विचारले, "कोणी ओळखीचं गेलं का गं?"

ही धास्ती जुनी आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांची 'द सीक्रेट कॉमनवेल्थ' ही कादंबरी आली आणि तिची नायिका लायरा हिला तिच्या पॅनच्या शोधात, ओसाड पडलेल्या एका दूरच्या गावात सोडून संपली. पॅन म्हणजे प्राण्याच्या रूपात सतत तिच्यासोबत असणारा तिचाच आत्मा, आणि तोच तिची हरवलेली कल्पनाशक्ती शोधायला तिला सोडून निघून गेला होता. त्यापुढे सहा वर्षांची प्रतीक्षा. त्या काळात मला लेखिका डायना विन जोन्स वारंवार आठवत. २०११ मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांची कादंबरी अपुरी राहिली होती. ती त्यांच्या बहिणीने, अर्सुला यांनी, मायेने पूर्ण केली, तरी वाचताना लिहिणारा हात नेमका कोठे बदलला तेच मी शोधत राहिले. लायराच्या वाट्याला हे येऊ नये, असे मनोमन म्हणताना मला काळजी नक्की कोणाची होती, लायराची की तिला लिहिणाऱ्या वृद्ध गृहस्थांची?

ऑक्सफर्डमध्ये शिक्षकाची नोकरी करत लिहिते झालेले पुलमन रोज हाताने तीन पाने लिहीत, आणि सकाळी कोरा कागद समोर येऊ नये म्हणून पुढच्या पानावरचे पहिले वाक्य लिहूनच उठत, असे त्यांनीच सांगितले आहे. त्या तीन पानांकडे मी सावकारासारखी डोळे लावून बसले होते. तेव्हा मला माझीच कीव येई. लायराच्या पहिल्या पुस्तकाची, १९९५ च्या 'नॉर्दर्न लाइट्स'ची, शिरीषने दिलेली प्रत, तिच्या पाठीला लावलेली खाकी चिकटपट्टी, समासातल्या त्याच्या पेन्सिलच्या खुणा, हे सारे जपून ठेवले आहे, आणि गोष्ट पुरी झाली तर निदान हे एक तरी पुरे होईल, असे वाटे. त्याविषयी आज नको.

त्या गोष्टीची शेवटची कादंबरी, 'द रोझ फील्ड', २३ ऑक्टोबर २०२५ ला आली. चारच दिवस आधी पुलमन यांनी वयाची ७९ वर्षे पूर्ण केली होती. लायराची गोष्ट त्यांच्याच हातून संपली. शेवटाबद्दल माझ्या तक्रारी आहेत, काही धागे मला हवे तसे बांधलेले वाटले नाहीत, पण माझे येणे असे काही उरले नाही. मग आजची धास्ती कशाची? पुस्तक हाती आले, वाचून झाले, तरी ती गेली नाही, म्हणजे ती पुस्तकासाठी नव्हती, निदान सगळी नव्हती. ज्यांना मी कधी भेटले नाही, भेटणारही नाही, त्या माणसाला सुखरूप पाहायची इच्छा माझ्यात इतकी वर्षे गोष्टीच्या आड राहून वाढली, याचे मला दुपारपासून बरे वाटते आहे.

आत्याला मी "हो, ओळखीचे आहेत, पण चांगले आहेत," असे सांगितले. आता त्यांना पत्र लिहायला बसणार आहे. शेवटाबद्दलची तक्रार त्यात घालावी की नाही, एवढेच ठरायचे आहे.