तुम्ही विचारलंत म्हणून: सकाळी अकराला घरी कोण असतं?

लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही आमची दोन मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘अगं, मग दिवसभर करता तरी काय तुम्ही?’ हल्ली फोनही येतात. मैत्रिणीची मैत्रीण असते, कुणी पुण्याहून नंबर मिळवून बोलतं. प्रश्न तोच, फक्त जरा सुटाबुटात: ‘तुमचं रूटीन काय असतं?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी बाजूचे प्रश्न उरकते. ‘हे कायद्यात बसतं का?’ शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं त्याचं दहावं कलम सांगतं, पण घातलं नाही तर पालकांना शिक्षा काय, हे कायदा सांगत नाही. घरी शिकवायला परवानगी आहे असंही त्यात लिहिलेलं नाही, बंदी आहे असंही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी दारात आले तर चहा द्यायचा, मुलांच्या वह्या दाखवायच्या, नीट उत्तरं द्यायची. ‘दहावीचं काय?’ राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. वय चौदा पूर्ण लागतं, किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा हवी. बाकी विषयांत चित्रकला, गृहविज्ञान असलंही काही घेता येतं. मराठी माध्यम आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि सगळे विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. गावाकडच्या नातेवाइकांना मात्र अजून ‘सतरा नंबरचा फॉर्म’च माहीत आहे. राज्य मंडळाची, बाहेरून दहावीला बसायची ती सोयही आहेच, पण तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि आमच्या धाकट्यानं शाळा धरलीच नाही तर सोडणार कशी!

आणि हो, मालविका जोशीची बातमी मला पाठवू नका. मुंबईची ती मुलगी दहावी-बारावी न करता संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. कौतुक आहेच. पण तिचं उदाहरण देऊन घरी शिकवण्याचं समर्थन करणं म्हणजे सचिनकडे बघून पोराला क्रिकेटच्या कोचिंगला घालण्यातला प्रकार. आमची मुलं चारचौघांसारखी आहेत. एकाला अजून ‘तीन’ लिहिताना वेलांटी कुठली ते विचारावं लागतं.

आता मूळ प्रश्न. फोनवर बहुतेक जण अभ्यासक्रमाबद्दल विचारतात. पुस्तकं कुठली, ॲप कुठलं, रोज किती तास. पुस्तकांची अडचण कधीच नसते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, सातारच्या नगर वाचनालयातून गोष्टीची पुस्तकं येतात, अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी करायची कृती कुणालाही नेटवर बघता येते. नऊ वर्षांच्या मुलाचा बसून करायचा अभ्यास तीनेक तासांत आटोपतो, कारण वर्गात तो एकटाच असतो. प्रश्न उरतो तो बाकीच्या दहा-अकरा तासांचा.

शाळा मुलांना किती शिकवते यावर वाद घालता येईल. ती त्यांना रोज सहा तास सांभाळते यावर घालता येणार नाही. शाळा सोडली की सर्वांत आधी हे सहा तास तुमच्या अंगावर येतात. म्हणून मी फोनवरच्या माणसाला उलट विचारते, की तुमच्याकडे सकाळी अकराला घरी कोण असतं? वडील बोलत असतील तर क्षणभर थांबून म्हणतात, ‘मिसेस आहे ना.’ आई बोलत असेल तर तिला प्रश्न लगेच कळतो.

आमच्याकडे अकराला मी असते, सासूबाई असतात आणि आप्पा, म्हणजे सासरे. नवरा एमआयडीसीत शिफ्टला. मी घरून लोकांचे हिशेब लिहिते, जीएसटीची रिटर्न्स भरते. महिन्याच्या अकरा तारखेला जीएसटीआर-१ आणि वीसला ३बी, या दोन तारखा घरात सणावारांपेक्षा मोठ्या आहेत. त्यांच्या आधीचे दोन दिवस मला कुणी प्रश्न विचारायचा नाही, भांडण माझ्यापर्यंत आणायचं नाही, भूक लागली तर डब्यात चिवडा आहे. धाकट्याला तारखा-वार येण्याआधी ‘आईचं ३बी’ येत होतं. मुलांना यातून काय शिक्षण मिळतं असं विचाराल तर सांगता येणार नाही. माझी कामं मात्र सुटली नाहीत, आणि आईचं काम सुटणं हा या प्रकारातला सर्वांत महागडा खर्च असतो. शाळेची फी, रिक्षाकाका, गणवेश यांची बचत सांगणारे पालक तो हिशेबात धरत नाहीत. माझा धंदाच हिशेबाचा असल्यामुळे मला ते खुपतं.

सकाळचं सांगते. साडेसहाला दोघं आजीबरोबर दूध आणायला जातात. थोरली बारा वर्षांची आहे, ती कणीक मळते आणि दोन वर्षांपासून वरणभाताचा कुकर लावते. धाकटा भाजी निवडतो, म्हणजे निम्मी मेथी देठांसकट जाते. कपडे वाळत घालणं दोघांकडे. ही काही ‘जीवनकौशल्यं’ वगैरे नाहीत. सहा माणसांचं घर दिवसभर भरलेलं असलं की भांडी दुप्पट पडतात आणि ती एकट्या बाईनं घासायची नसतात, एवढंच. हे ज्या घरात आधी ठरत नाही तिथे दिवाळीपर्यंत आई चिडचिडी होते आणि मग सगळे म्हणतात, होमस्कूलिंग जमलं नाही.

नऊ ते साडेदहा दोघं माझ्याजवळ बसतात, भाषा आणि इंग्रजी. साडेदहा ते बारा गणित आप्पांकडे. आप्पांबद्दल जरा थांबून सांगायला हवं.

आप्पा माण तालुक्यातले. दुष्काळी गाव, घरात कुणी शिकलेलं नाही. रयतच्या वसतिगृहात राहून, शेतात काम करून शिकले आणि पुढे रयतच्याच शाळेत गणिताचे मास्तर झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. ते झालं नसतं तर आप्पा आजही कुणाच्या तरी शेतावर असते, हे ते स्वतःच सांगतात. अशा माणसाला, ज्या गावात कर्मवीरांचं नाव घेतल्याशिवाय शिक्षणाचं भाषण सुरू होत नाही त्या गावात, ‘नातवंडं शाळेत जाणार नाहीत’ हे सांगणं सोपं नव्हतं. थोरली पहिलीत जाणार त्याच वर्षी कोविड आला, शाळा मोबाईलवर भरू लागली. आम्ही मोबाईल बाजूला ठेवून घरीच शिकवायला लागलो, तोवर त्यांनाही पटत होतं. शाळा उघडल्यावर आम्ही नवरा-बायकोनं पाठवायचं नाही असं ठरवलं, तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मग एके दिवशी जेवताना म्हणाले, ‘शाळा सोडायची चैन तुम्हाला परवडते, कारण तुमच्या आधीच्यांना शाळा मिळाली. वीटभट्टीवरचं पोर शाळेत नाही त्याला शाळाबाह्य म्हणायचं आणि तुमचं नाही त्याला होमस्कूलिंग?’ याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही. घरी शिकवणाऱ्या पालकांच्या मेळाव्यांत ‘शाळा म्हणजे कारखाना’ वगैरे ऐकलं की मला आप्पांचं ताट समोर दिसतं. आम्ही घेतलेला निर्णय आमच्या मुलांपुरता, आमच्या सोयीनं घेतलेला आहे. त्याला चळवळ म्हणण्याचा आव मी आणत नाही.

पण आप्पा नुसता टोमणा मारून बसणारे नव्हेत. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जुना फळा माळ्यावरून काढला आणि जाहीर केलं, गणित माझ्याकडे. तीसपर्यंत पाढे, वर पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा आणि दीडचे पाढे. मला स्वतःला पाढे वीसच्या पुढे येत नाहीत, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. पाढ्यांवरून आमचे वादही झाले, मुलांना अपूर्णांक आधी समजू दे असं मी म्हणायची. शेवटी भाजीवालीनं पंचेचाळीस रुपये किलोच्या भेंडीचा पाऊण किलोचा हिशेब करेपर्यंत थोरलीनं आकडा सांगितला, आणि मी गप्प बसायचं ठरवलं.

दुपारी दोन ते चार घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही. हा सल्ला मात्र मी प्रत्येकाला देते. झोपा, वाचा, छताकडे बघा, पण बोलायचं नाही, स्क्रीनही नाही. एकाच घरात सतत एकमेकांसमोर असलेल्या माणसांना एकमेकांपासून सुट्टी लागते. शाळेत जाणाऱ्यांना ती आपोआप मिळते. पहिले काही आठवडे ‘मी आता काय करू’ ऐकून डोकं उठतं. त्याला उत्तर द्यायचं नाही. या दोन तासांत धाकटा सायकलचा ब्रेक सोडवून ठेवतो आणि थोरली वाचते. वाचायला एक चांगलं टेबल आहे, खिडकीपाशी, आणि ते तिचं आहे. त्यावरून होणारी भांडणं चार वाजून एक मिनिटानं सुरू होतात.

मित्रमंडळी? संध्याकाळी साडेपाचला गल्लीतली सगळी पोरं क्लासवरून सुटतात, तेव्हा आमची दोघं त्यांच्यात असतात. सकाळी मात्र एकटेपण असतं, ते मी नाकारत नाही. आणखी एक गोष्ट पुस्तकांतून कुणी सांगत नाही, ती म्हणजे बोनाफाईड, मूल शाळेत शिकत असल्याचा शाळेचा दाखला. शिष्यवृत्तीची परीक्षा, शालेय स्पर्धा, सगळं शाळेमार्फत. खेळाच्या संघटनेच्या स्पर्धेला जन्मदाखला चालतो, पण शालेय क्रीडा स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग या पायऱ्या चढायच्या तर शाळेचं नाव लागतं.

आमच्या घरात सध्या हाच विषय चाललाय. थोरली कबड्डी खेळते, डाव्या कोपऱ्यातून पकड चांगली आहे असं तिचे सर म्हणतात. मागच्या हंगामात मैदानावरच्या तिच्या मैत्रिणी शाळेकडून खेळायला गेल्या आणि ही घरी राहिली. गणपतीनंतर तिनं सांगितलं, मला जूनपासून शाळेत जायचंय. ओळखीतल्या एक-दोघींना हे आमचं हरणं वाटलं, एकीनं तर ‘तिला समजावून सांग ना’ असा निरोप पाठवला. समजावायचं काय त्यात? बारा वर्षांची मुलगी कारण देऊन काही मागते आहे. शिक्षण हक्काच्या कायद्यातच वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायची तरतूद आहे, जन्मदाखला आहे, आधार आहे. आप्पांनी दोन शाळांमध्ये चौकशीही करून ठेवलीय, कुणी न सांगता. सकाळी सहाला उठायला लागेल, मधल्या सुट्टीशिवाय खायला मिळणार नाही, इतिहासाची उत्तरं पुस्तकातल्यासारखी लिहावी लागतील, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, माहितीय.

धाकट्याला विचारलं, तुलाही जायचं का रे? त्यानं बराच विचार केला आणि विचारलं, ‘ताई गेली की ते टेबल माझं का?’