विंडोज ११ टाकलं आणि दुकानातलं स्कॅनिंग बंद पडलं: माझा अनुभव

कराडात आमचं छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, रेडियम कटिंग, झेरॉक्स, स्कॅन, ऑनलाइन फॉर्म, जे गिऱ्हाईक येईल ते. कॉम्प्युटरचा मी काही शिकलेला माणूस नाही, जे येतं ते अडलं की शिकलेलं. पण या वेळी चार दिवस असा अडकलो की म्हटलं लिहूनच ठेवावं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार हे स्क्रीनवर कितीतरी महिने येत होतं आणि मी तितकेच महिने ते क्लोज करत होतो. शेवटी दिवाळीत दुकान बंदच असतं म्हणून हार्डवेअरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला जुन्यावर अपग्रेड मारण्यापेक्षा नवीन एसएसडी टाकून कोरं विंडोज ११ प्रो टाकू, मशीन पळेल. टाकलं, आणि खरंच पळायला लागलं. लक्ष्मीपूजनाला त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, भाऊबीज झाली, दुकान उघडलं, पहिलंच गिऱ्हाईक सातबारा आणि मार्कशीट स्कॅन करायला आलं आणि कॉपियरच्या स्क्रीनवर आलं, कनेक्शन एरर.

आधी आमच्याकडचा सगळा गोतावळा सांगतो म्हणजे पुढचं कळेल. तीन मशीन एका राऊटरवर आहेत. एक मेन कॉम्प्युटर, ज्याच्यावर आता विंडोज ११. दुसरा म्हातारा कॉम्प्युटर, विंडोज ७ वाला, त्याला रेडियमचा कटिंग प्लॉटर जोडलाय आणि त्या प्लॉटरचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजवर चालत नाही म्हणून तो तसाच ठेवलाय, डिझाइनच्या फायली मी मेनवरून त्याच्या शेअर फोल्डरमध्ये टाकतो. आणि तिसरा सेकंडहँड घेतलेला मोठा कॉपियर, कंपनीचं नाव घेत नाही, स्कॅन केलं की फाईल थेट मेन कॉम्प्युटरवरच्या 'स्कॅन' फोल्डरमध्ये येऊन पडायची. किती वर्षं हे असंच चाललं होतं, कसं चालतंय हे कधी बघितलंच नव्हतं.

आता स्कॅनिंगही बंद आणि विंडोज ७ चं फोल्डरही उघडेना. म्हणजे माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, तर राऊटर गेला. केबल काढून घातली, राऊटर बंद-चालू केला, नवी केबल आणली दीडशे रुपयांची. काही फरक नाही. मग म्हटलं पिंग मारून बघू, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं, कॉपियरला पिंग मारलं तर पटापट रिप्लाय. कॉपियरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, ब्राउझरमध्ये टाकला तर त्याचं सेटिंगचं पानही उघडलं. म्हणजे वायर ठीक, राऊटर ठीक, दीडशे रुपये वाया.

पुण्यात माझा मावसभाऊ आयटीत आहे, त्याला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, "दादा, नेटवर्क पब्लिकवर आहे का प्रायव्हेटवर?" मला काय माहीत. सेटिंगमध्ये बघितलं तर पब्लिक. म्हणजे विंडोजला वाटत होतं की आपण एसटी स्टँडवरच्या फुकट वायफायवर बसलोय, त्यामुळे ते कुणाला ओळख दाखवत नव्हतं. प्रायव्हेट केलं, फाईल अँड प्रिंटर शेअरिंग ऑन केलं. दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती कॉम्प्युटरच्या नावाची. कोरं विंडोज टाकलं की नाव पण नवीन होतं, 'डेस्कटॉप' आणि पुढे काहीतरी बाराखडी. कॉपियरच्या ॲड्रेसबुकात मात्र आमचं जुनं नाव लिहिलेलं. म्हणजे पोस्टमन पत्र घेऊन दारोदार हिंडतोय आणि त्या नावाचा माणूसच गावात नाही. मी नावाच्या जागी आयपी टाकला. (हे लक्षात ठेवा, या आयपीने पुढे मला परत एकदा रडवलंय.)

एवढं करून कॉपियर तसाच, पण विंडोज ७ वाला आता नेटवर्कमध्ये दिसायला लागला. डबल क्लिक केलं तर मेसेज आला की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीमुळे विनाओळख गेस्टला प्रवेश नाही. ऑर्गनायझेशन कुठली, दुकानात मी, बायको आणि कामाला असलेला पोरगा. मला वाटलं हार्डवेअरवाल्याने कुठल्या तरी कंपनीचं विंडोज टाकलं. पोरगा म्हणतो, "दादा, क्रॅक असंल." पण क्रॅकबिक काही नव्हतं.

भावाने समजावलं ते असं. आमच्या विंडोज ७ वर पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग मी कधीकाळी ऑफ करून ठेवलं होतं, म्हणजे कोणीही यावं आणि फोल्डर उघडावं, याला गेस्ट म्हणतात. विंडोज १० प्रो हे चालवून घ्यायचं. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या २४एच२ या व्हर्जनपासून विंडोज ११ प्रो गेस्टला दारातच अडवतं, आणि वर प्रत्येक निरोपावर सही मागतं, त्याला एसएमबी सायनिंग म्हणतात (एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फायली शेअर करायची विंडोजची भाषा). वाटेत कुणी फाईल बदलली नाही ना हे त्या सहीवरून कळतं. ती सही करायची किल्ली लॉगिनच्या पासवर्डातून तयार होते, आणि गेस्टला पासवर्डच नसतो, मग सही करणार कशाने. हे ऐकल्यावर तो मेसेज मला एकदम सरळ वाटायला लागला, उगाच आदल्या दिवशी त्याला शिव्या घातल्या.

उपाय दोन होते. एक, विंडोज ११ मध्ये ग्रुप पॉलिसीत जाऊन 'इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन' चालू करायचं आणि सही बंद करायची, यूट्यूबवर सगळे हेच सांगतात. दुसरा, विंडोज ७ वर नीट एक युजर तयार करायचा. मी दुसरा केला, दहा मिनिटांचं काम आहे. विंडोज ७ वर 'प्लॉटर' नावाचा युजर, त्याला पासवर्ड, फोल्डरच्या शेअरिंगमध्ये त्याला रीड-राइट, आणि पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग ऑन. मग विंडोज ११ च्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ते नाव-पासवर्ड सेव्ह. उघडलं की लगेच! विंडोज ७ ला ही सही येते, त्यामुळे म्हातारा असून त्याने काही त्रास दिला नाही. पासवर्ड कोरा मात्र ठेवू नका, मी आधी आळस करून कोरा ठेवला होता, पण कोऱ्या पासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही.

रेडियमचं काम सुरू झालं. राहिला कॉपियर, आणि खरी गंमत त्याच्यातच होती.

तोपर्यंत स्कॅनिंग पेनड्राइव्हवर चाललं होतं. कॉपियरला पेनड्राइव्ह लावायचा, स्कॅन करायचं, काढायचा, कॉम्प्युटरला लावायचा, फाईलचं नाव बदलायचं, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप करायचं. दिवसाला साठ-सत्तर स्कॅन असतात. तहसीलला कागद द्यायला आलेली माणसं काउंटरवर टेकून उभी, एक आजोबा तर म्हणाले, "पूर्वी बरं होतं, नुसतं बटन दाबत होता तुम्ही."

कॉपियरच्या ॲड्रेसबुकात आयपी होता, फोल्डरचं नाव बरोबर, युजर म्हणून मी माझा ईमेल आणि रोज टाकतो तो चार आकडी पिन दिला होता. इथं एक घोळ कळला. पिन हा फक्त त्या कॉम्प्युटरसमोर बसून टाकायचा असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की युजर फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं होतं, त्यामुळे आपलं खरं युजरनेम काय हेच कळत नाही. म्हणून विंडोज ११ वर एक वेगळं लोकल अकाउंट केलं, नाव 'स्कॅन', पासवर्ड साधा, स्पेशल चिन्ह नाही, कारण कॉपियरच्या स्क्रीनवर ते टाइप करताना जीव जातो. त्या अकाउंटला फक्त स्कॅन फोल्डरची परवानगी.

टेस्ट दाबलं. कनेक्शन एरर.

मग कॉपियरच्या सेटिंगच्या पानात एसएमबीच्या रकान्यात बघितलं, तिथे व्हर्जन निवडायची सोयच नाही. भावाला फोटो पाठवला, तो म्हणाला हा एसएमबी १ वाला आहे, जुनी भाषा बोलतो, आणि ती भाषा कोऱ्या विंडोजमध्ये २०१७ पासून येतच नाही. मी म्हटलं अरे विंडोज १० वर तर चालत होतं, तर म्हणाला कुणीतरी चालू करून दिलं असणार. आणि मग आठवलं, कॉपियर बसवायला आलेला माणूस 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये जाऊन काहीतरी टिक करून गेला होता. मी बघत होतो, चहा पाजला होता त्याला.

मग मीही तेच केलं, भावाला न सांगता. एसएमबी १.० ची टिक मारली, रिस्टार्ट केलं, टेस्ट दाबलं. तरी एरर! आता मात्र डोकं फिरलं. रात्री परत फोन, आधी बोलणी खाल्ली आणि मग कारण कळलं, विंडोज ११ प्रो आता येणाऱ्या कनेक्शनकडूनही सही मागतं आणि कॉपियरला ती येत नसणार. म्हणजे एसएमबी १ चालू करा आणि वर सही पण बंद करा, एका मशीनसाठी दाराची दोन कुलपं काढायची.

त्याने आठवण करून दिली २०१७ ची. मे महिन्यात वॉनाक्राय आला होता, फायली लॉक करून पैसे मागणारा, तो याच एसएमबी १ च्या भोकातून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरत होता. मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच दिलं होतं, पण असंख्य लोकांनी ते टाकलंच नव्हतं. आणि पुढच्याच महिन्यात, जूनच्या शेवटी, तेच भोक वापरणाऱ्या दुसऱ्या व्हायरसने इथं आपल्या उरणजवळच्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प केलं होतं, कंटेनर अडकून पडले होते. माझ्या स्कॅन फोल्डरमध्ये काय असतं, तर लोकांची आधार कार्डं, पासबुकं, सातबारे. टिक काढून टाकली. तशी ती आपोआपही निघते, एसएमबी १ पंधरा दिवस वापरात आलं नाही तर विंडोज स्वतःच ते काढून टाकतं, म्हणजे कित्येक लोकांचं "चालत होतं आणि अचानक बंद पडलं" याच्यामुळे असणार.

मग कॉपियरमध्ये दुसरा रस्ता होता एफटीपी, नेटवर्कवरून फायली पाठवायची आणखी एक जुनी पद्धत. भाऊ म्हणाला, "हे पण काही फार सोवळं नाही, यात पासवर्ड उघडाच जातो, पण दुकानातल्या दुकानात चालेल, राऊटरवरून बाहेर मात्र पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडू नकोस." फाइलझिला सर्व्हर, म्हणजे एफटीपीने येणाऱ्या फायली घेणारं सॉफ्टवेअर, उतरवून विंडोज ११ वर टाकला, त्यात फक्त स्कॅनसाठी एक युजर केला, पासवर्ड वेगळा, फोल्डर तोच. फायरवॉलमध्ये २१ नंबरचा पोर्ट उघडला.

पहिला टेस्ट, एरर. पण इथं एक सुख होतं, फाइलझिलाच्या खिडकीत प्रत्येक ओळ दिसते, कोण आला, काय म्हणाला, आपण काय उत्तर दिलं. कॉपियर आलाय, युजरनेम सांगतोय, आणि आपलाच सर्व्हर ५०३ म्हणून त्याला परत पाठवतोय, की आधी टीएलएस, म्हणजे कुलूपबंद बोलणं, सुरू कर. शहाणपणा करून टीएलएस सक्तीचं मीच केलं होतं, त्या म्हाताऱ्याला कुठलं टीएलएस. सक्ती काढली.

दुसरा टेस्ट. लॉगिन झालं! फोल्डरमध्ये फाईलही आली! पोरगा ओरडला, "आली आली." उघडली तर शून्य केबी. नाव आहे, आत काही नाही. खिडकीत ४२५, डेटा कनेक्शन उघडता येत नाही. यावर माझे दोन तास गेले. एफटीपीला दोन कनेक्शन लागतात, २१ वर फक्त बोलणं होतं, खरी फाईल दुसऱ्याच पोर्टवरून येते, आणि पॅसिव्ह मोडमध्ये तो पोर्ट सर्व्हर ऐनवेळी सांगतो. माझ्या फायरवॉलला २१ सोडून काही माहीत नव्हतं. म्हणजे पाहुण्याला दारात या या म्हणायचं आणि सामान बाहेरच अडवायचं. फाइलझिलात पॅसिव्ह पोर्टची रेंज ५०००० ते ५००१० अशी बांधून दिली आणि फायरवॉलमध्ये तेवढेच अकरा पोर्ट, फक्त प्रायव्हेट नेटवर्कसाठी, उघडले.

तिसऱ्या टेस्टला काचेवर हाताला लागलं ते ठेवलं, एका पत्रिकेचं प्रूफ होतं, कोपऱ्यात चहाचा गोल डाग. बटन दाबलं, दिवा सरकत गेला आणि फोल्डरमध्ये ती आली, साडेआठशे केबी, चहाच्या डागासकट. मी ती डिलीट केलेली नाही अजून.

चार दिवस छान चाललं आणि पाचव्या दिवशी सकाळी परत कनेक्शन एरर. या वेळी मात्र घाबरलो नाही, फाइलझिलाची खिडकी उघडली तर तिथं एकही ओळ नाही, म्हणजे कॉपियर इथपर्यंत पोचतच नाहीये. रात्री लाईट गेली होती, राऊटर रिस्टार्ट झाला आणि त्याने मेन कॉम्प्युटरला दुसराच आयपी दिला. भावाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की राऊटरमध्ये आयपी रिझर्व्ह कर, मी हो हो म्हणून विसरलो होतो. ते केलं, पाच मिनिटं लागली, आणि तो आयपी मार्करने लिहून कॉपियरच्या झाकणावर चिकटवला. खाली पोरग्याने त्याच्या अक्षरात लिहिलंय, 'बदलू नये, मालक ओरडतील'.

विंडोज ७ वाला तेवढा राहिलाय, त्याचा सपोर्ट तर जानेवारी २०२० लाच संपला. सध्या राऊटरमधून त्याचं इंटरनेट बंद केलंय, नुसता प्लॉटर चालवतो. नवीन प्लॉटरचं कोटेशन मागवलंय, आकडा बघून परत पाकिटात घालून ठेवलंय.