तुम्ही विचारलंत म्हणून: एशानेसला पुन्हा पुन्हा कशासाठी?

स्कॉटलंडला येणारे आपले पाहुणे एडिंबरा पाहतात, स्काय बेटावर जाऊन येतात आणि मग विचारतात, "तू सुट्टीत कुठे जातेस?" 'शेटलंड बेटांवर, एशानेसच्या कड्यावर' हे उत्तर ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तिथे ना झाड, ना धड ऊन, उभं राहवत नाही इतका वारा. मग पुन्हा पुन्हा जाण्यासारखं तिथे आहे तरी काय?" फोनवर याचं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी सह्याद्रीच्या कुशीत वाढले. काळा कातळ रोजचाच होता. पण जमीन घडते कशी आणि मोडते कशी, हे दोन्ही एकाच जागी समोर दिसलं ते एशानेसला. ओढ आहे ती त्याची.

आधी जागा कुठे आहे ते सांगते. ॲबर्डीनहून संध्याकाळी बोट सुटते आणि रात्रभर प्रवास करून सकाळी शेटलंडच्या लर्विकला लागते. तिथून गाडीने वायव्येकडे निघायचं. वाटेत मेव्हिस ग्राइंड नावाची जमिनीची चिंचोळी पट्टी लागते. तिच्या एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्राचा फाटा, आणि मधली जमीन सर्वांत अरुंद जागी जेमतेम 33 मीटर. ती ओलांडली की नॉर्थमेव्हिन, आणि त्याच्या पश्चिम टोकाला एशानेसचं भूशिर. इथून सरळ पश्चिमेला निघालात तर ग्रीनलंडचं दक्षिण टोक येईपर्यंत जमीन लागत नाही. तेवढ्या मोकळ्या समुद्रावरून येणारा वारा आणि लाटा या कड्यावर पहिल्यांदा अडतात.

हा कडा म्हणजे सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीच्या एका ज्वालामुखीचा उतार. तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, रखरखीत आणि उजाड. ज्वालामुखी मृत झाला, भूखंड सरकत सरकत उत्तरेला आला आणि समुद्राने त्याची एक बाजू उभी कापून काढली. त्यामुळे दीपगृहाजवळच्या काल्डर्स गिओ या खोल घळीच्या काठाशी उभं राहिलं, की ज्वालामुखीचं पोट आतून दिसतं. लाव्ह्याचा थर, त्यावर राखेचा, त्यावर स्फोटात उडालेल्या दगडांचा गोळामोळा, पुन्हा लाव्हा. प्रत्येक थर म्हणजे एक उद्रेक.

आपल्या सह्याद्रीची घडण वेगळी. तिथे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि पसरत गेला. म्हणून आपल्या डोंगरांना त्या आडव्या पायऱ्या, ती सपाट पठारं. एशानेसचा ज्वालामुखी शंकूच्या आकाराचा आणि स्फोटक होता. सह्याद्रीतल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही, कडा पाहूनच कळतो. माझ्यासोबत आलेल्या आमच्याकडच्या प्रत्येकाने तिथे पोचल्यावर आधी हात लावून दगड पाहिला आहे.

आता मोडण्याची बाजू. दीपगृहापासून कड्याकडेने उत्तरेला चालत गेलं की ग्राइंड ऑफ द नॅव्हिर येतं. तांबूस खडकाच्या भिंतीत समुद्राने फोडलेलं हे भलंमोठं खिंडार. तिथला खडकही ज्वालामुखीचाच, पण तो तप्त राख आणि वायूंच्या लोंढ्यातून बनलेला. त्याला सरळ सरळ भेगा आहेत. वादळात लाट आदळली की त्या भेगांमध्ये पाणी घुसतं, आतली हवा दाबली जाते आणि लाट मागे सरताच ती उसळून पसरते. असं होत होत दगडाचा ठोकळा सुटा होतो. कड्याच्या पायथ्यालाच पाणी खोल असल्यामुळे लाटेचा जोर वाटेत कमी होत नाही. सुटलेला ठोकळा ती उचलते आणि खिंडारातून आत भिरकावते. समुद्रसपाटीपासून जवळपास 15 मीटर उंचीवर, कड्याच्या बरंच आतल्या बाजूला, अशा ठोकळ्यांची रास पडलेली आहे. काही दगड माणसाच्या उंचीपेक्षा मोठे. त्यांतले कोणते नवे ते ओळखताही येतं, कारण त्यांच्या ताज्या फुटलेल्या बाजूवर अजून दगडफूल धरलेलं नसतं. भूशास्त्राचा अभ्यासक सॅम्युअल हिबर्टने शेटलंडवरच्या 1822 च्या ग्रंथात या जागेचं वर्णन केलं आहे. तेव्हा चालू असलेलं काम दर हिवाळ्यात पुढे चालूच आहे. पुस्तकात 'सागरी क्षरण' वाचणं वेगळं, आणि गेल्या हिवाळ्यात आलेल्या दगडाला वळसा घालून जाणं वेगळं.

जवळच होल्स ऑफ स्क्राडा आहे. हिरव्या कुरणात अचानक एक खोल खड्डा उघडतो आणि तळाशी समुद्र दिसतो. लाटांनी जमिनीखालून गुहा कोरत आणली आणि छत कोसळलं. तळ्याकडून येणारा ओहोळ त्यात पडतो. त्या ओहोळावर जुन्या पाणचक्क्यांच्या पडक्या भिंती आहेत. एके काळी तिथे धान्य दळलं जाई.

दीपगृहाबद्दल थोडंच. 1929 साली डेव्हिड ए. स्टीव्हन्सनने ते उभारलं. चौकोनी आणि ठेंगणं, 12 मीटरचं. इथला दगड बांधकामाच्या कामाचा नव्हता, म्हणून काँक्रीटचं. नैर्ऋत्येला व्ही स्केरीज नावाचे सखल खडक आहेत. दीपगृह झाल्यावर पुढच्याच वर्षी बेन डोरन हे मासेमारी जहाज त्यांवर आपटलं आणि सगळे खलाशी गेले. त्या खडकांवर स्वतःचा दिवा यायला 1979 साल उजाडलं.

पण मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो जवळच्याच स्टेनेसच्या किनाऱ्यावर. नुसते गोटे आणि काही पडक्या भिंती, पर्यटक पाच मिनिटांत मागे फिरतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उन्हाळाभर इथे माणसांची गर्दी असे. सहा वल्ह्यांच्या उघड्या होड्या घेऊन सहा जण 40 मैलांपर्यंत आत जात, हजारावर गळांची लांब दोरी सोडत आणि रात्र समुद्रातच काढत. आणलेला मासा चिरून, खारवून याच गोट्यांवर वाळवायचा. जमीनदाराचं कूळ असायचं म्हणजे त्याच्यासाठी मासे मारायचे आणि त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने, द्यायचे. नाही म्हटलं तर घर सुटायचं. जुलै 1832 च्या एका वादळात शेटलंडच्या अनेक होड्या आणि 105 माणसं बुडाली. कुळांना घराची शाश्वती देणारा कायदा आला 1886 मध्ये. या माणसांबद्दल कळल्यापासून एशानेस मला केवळ खडकांचं राहिलेलं नाही. इथला निसर्ग भव्य आहे असं म्हणताना त्या भव्यतेत पोटासाठी उतरलेले लोक विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याच लोकांतला एक जॉन विल्यमसन, एशानेसच्या हॅमनव्होचा. सगळे त्याला जॉनी नोशन्स म्हणत. शिवणकाम, सुतारकी, घड्याळदुरुस्ती, लोहारकाम, सगळं करायचा. अठराव्या शतकात देवीच्या साथींनी बेटं ओस पडत असताना कुठल्याही वैद्यकीय शिक्षणाशिवाय त्याने टोचण्याची स्वतःची पद्धत बसवली. देवीच्या फोडातला द्रव तो पीटच्या (दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या) धुरात वाळवायचा, कापरासह जमिनीत पुरायचा आणि कधीकधी सात-आठ वर्षांनी वापरायचा, म्हणजे त्याचा दाह कमी होई. स्वतः घडवलेल्या सुरीने रक्त न काढता कातडीखाली सोडायचा आणि वर कोबीचं पान बांधायचा. हजारो लोकांना त्याने टोचलं आणि त्यांतला एकही दगावला नाही, असं त्याच काळातल्या पाद्र्याने लिहून ठेवलंय. कापूर तिथवर पोचला होता हे वाचल्यावर मला फार आनंद झाला होता.

तर जाणार असाल तर मे अखेर ते जुलै हे दिवस धरा. जूनमध्ये रात्र पुरती काळोखी होत नाही, कड्यांवर गुलाबी थ्रिफ्ट फुललेली असते आणि पफिन पक्षी घरट्यांवर असतात. फुल्मर पक्ष्याच्या घरट्याजवळ मात्र जाऊ नका, तो तेलकट पिचकारी मारतो आणि तो वास कपड्यांतून जाता जात नाही. दीपगृहाशी गाडी लावून ग्राइंड ऑफ द नॅव्हिरपर्यंत सावकाश जाऊन यायला तीनेक तास हवेत. कुठेही कठडा नाही. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर काठापासून चांगलंच लांब राहा. आणि वादळाचा इशारा असेल तर त्या दिवशी कड्यावर जाऊच नका, 'टँगविक हा' नावाचं, इथल्या जमीनदाराच्या जुन्या घरातलं संग्रहालय पाहा. स्टेनेसच्या होड्यांबद्दल तिथल्या लोकांना विचारा, ते भरभरून सांगतात.