सहीशिवाय संमती : नैतिकता समितीचा माझा अनुभव

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची 'प्रेप' गोळी लोक सुरू का करत नाहीत किंवा मध्येच का सोडतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय होता. प्रश्नावली तयार झाली, वडोदऱ्यातील एका स्वयंसेवी संस्थेची साथही मिळाली. घोडे अडले ते संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत, आणि तेही एका सहीवर.

प्रत्येक सहभागीने संमतीपत्रावर पूर्ण नाव व पत्ता लिहून सही करावी, असा समितीचा आग्रह होता. मला ज्यांच्याशी बोलायचे होते ते पुरुषांशी शरीरसंबंध असलेले पुरुष होते आणि त्यांतील बरेच जण विवाहित होते. प्रेपमधील टेनोफोविर हे औषध एचआयव्हीच्या उपचारातही वापरले जाते. त्यामुळे घरात बाटली सापडली तर आपल्याला आजारच आहे असे समजले जाईल, या धास्तीने जो गोळी घेत नाही, तो त्याच विषयाच्या कागदावर आपले नाव कसे लिहील? शहरातल्या दांडिया बाजारातील बातमी शेजारच्या रावपुऱ्यात पोहोचायला संध्याकाळही लागत नाही, हे समितीतील स्थानिक सदस्यांना मी सांगायला हवे होते का? अर्ज दर वेळी नव्या शेऱ्यासह परत येई आणि कार्यालयातील मराठी कारकून शांतपणे म्हणत, "ताई, नमुना ठरलेला आहे, त्यात बदल होत नाही."

बदल होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीच्या मान्यतेने काही परिस्थितींत तोंडी संमती चालते. तो उतारा मी अर्जालाच जोडला आणि त्यासोबत 2017 च्या एचआयव्ही कायद्यातील गोपनीयतेच्या तरतुदीही दिल्या. समितीतील वकील सदस्यांना त्याच पटल्या. शेवटी सांकेतिक क्रमांक, तोंडी संमती आणि साक्षीदार म्हणून समुपदेशकाची सही, एवढ्यावर मंजुरी मिळाली. तो कागद हाती आल्यावर मला आनंदापेक्षा रागच अधिक आला.

असा अभ्यास करणार असाल तर 'मुलाखती कशाला, गोळ्या मोजा', अशी सूचना तुम्हालाही होईल. तेव्हा आफ्रिकेतील तीन देशांत झालेल्या, एचआयव्ही रोखणाऱ्या औषधांच्या 'व्हॉइस' चाचणीचा दाखला द्यावा. तिथे महिलांचे सांगणे आणि उरलेल्या गोळ्यांची मोजणी या दोहोंवरून औषधाचे पालन सुमारे 90 टक्के दिसत होते. रक्ताच्या नमुन्यांत मात्र औषध एक तृतीयांशाहूनही कमी वेळा सापडले. म्हणून 'किती गोळ्या चुकल्या?' याने सुरुवात करू नये. बाटली कुठे ठेवता, प्रवासात तिचे काय करता, असे विचारावे. माणूस मग आपणहून बोलू लागतो.

लैंगिक अल्पसंख्याकांचा अभ्यास असेल तर त्वरित पुनरावलोकनाचा, म्हणजे मोजक्या सदस्यांकडून झटपट मंजुरी घेण्याचा, मोह टाळून सरळ पूर्ण समितीपुढे जावे. आणि सहभागींच्या प्रवासखर्चाच्या पावत्यांचे काय, हेही मूळ आराखड्यातच लिहून घ्यावे. कारण समितीने सही माफ केल्यानंतर लेखा विभागाने माझ्याकडे प्रत्येक पावतीवर घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सही मागितली.