जळगावहून तोरणमाळ, इलेक्ट्रिक गाडीने: रस्ता सोपा, अर्थिंग अवघड

मे महिन्याच्या शेवटी जळगावहून निघून धुळे, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा करत तोरणमाळला जाऊन आलो. गाडी नेक्सॉन ईव्ही, बॅटरी ४५ युनिटची, माणसं चार आणि डिकी गच्च भरलेली. आल्यापासून ओळखीचे बरेच जण एकच विचारतात, की गाडी तिथवर पोचते का. पोचते, आरामात पोचते. खानदेशात रेंजचं, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाईल याचं, गणित कागद-पेन घेऊन बसलं की सुटतं. घाम फुटतो तो जिथे प्लग लावायचा तिथलं वायरिंग आणि अर्थिंग बघून. आपल्या घरी ते नीट करून घेता येतं, पण मुक्कामाच्या घरी जे असेल त्यावर भागवावं लागतं. म्हणून प्रवासाइतकंच त्याबद्दलही लिहितो.

आधी घरचं, कारण पहाटे शंभर टक्के भरून निघालो तरच पुढचा हिशोब बसतो. गाडीसोबतचा भिंतीवर लावायचा चार्जर ७.२ किलोवॅटचा आहे. तो ३२ अँपिअर ओढतो, तेही सलग पाच-सहा तास. गिझर थोड्या वेळात बंद होतो, पाण्याची मोटर टाकी भरली की थांबते. घरातली दुसरी कुठलीच वस्तू वायरला इतका वेळ इतकी तापवत नाही. त्यामुळे मीटरपासून पोर्चपर्यंत स्वतंत्र लाइनच ओढा. तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची वायर, अंतर जास्त असेल तर १० ची, जास्त करंट ओढला की बंद पडणारा ४० अँपिअरचा एमसीबी आणि करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. 'चारची वायर चालून जाते साहेब' असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. जी वायर वर्षानुवर्षं रात्रभर तापणार आहे तिच्यात पैसे वाचवायचे नसतात.

वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो बघा. जुन्या घरांचा तो बहुधा इतका कमी असतो की एकट्या चार्जरनेच ओलांडला जातो. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तो गाडी यायच्या आधी केलेला बरा. थ्री फेज घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हा ७.२ चा चार्जर एकाच फेजवर चालतो. ज्या फेजवर घरातले एसी आहेत त्याच फेजवर तो टाकला तर थ्री फेजचा काही उपयोग नाही. वायरमनला हे आधी सांगा.

बिलाचं म्हणाल तर महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला चार्जिंगमधली गळती धरून दीडशे युनिटच्या आसपास जास्त लागतात. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर-एसीने घर तसंही ३०० च्या काठावर असतं, म्हणजे गाडीची युनिट महागड्या टप्प्यात पडतात. टीओडी, म्हणजे वेळेनुसार वेगळा दर लावणारा, मीटर बसला असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या घरगुती वापरावर सवलत आहे. दुपारी घरी उभ्या राहणाऱ्या गाडीला ती कामी येते. छत असेल तर सोलरचा विचार जरूर करा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी तेवढी पॅनल १२ युनिटच्या आसपास देतात. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गाडी बुक करायच्या आधी मीटर रूमपासून आपल्या पार्किंगपर्यंतचं अंतर टेपने मोजावं आणि सोसायटीची संमती लेखी घ्यावी. तोंडी होकार पहिल्या भांडणात विरून जातो.

आता प्रवास. मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, म्हणून उजाडायच्या आत निघालो. टायर थंड असतानाच हवा तपासली. कागदावर या गाडीची रेंज ४८९ किलोमीटर आहे. चार माणसं, एसी चालू आणि हायवेचा वेग असेल तर ३०० धरून चाला, म्हणजे जिवाला घोर राहत नाही. एरंडोल, पारोळा करत धुळे नव्वदेक किलोमीटर. वेग ८०-८५ ठेवला. शंभरच्या वर गेलात की बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. धुळ्यात पोचलो तेव्हा सत्तर टक्के शिल्लक होते.

तिथे हायवेलगतच्या एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर होता. ॲपमध्ये दोन गन (गाडीला लावायचे जाड प्लग) मोकळ्या दिसत होत्या, प्रत्यक्षात एकीची स्क्रीन काळी पडलेली. दुसरी चालू केली, सुरुवात छान झाली. रात्रपाळीचा माणूस येऊन त्याने पहिल्या गनला बंद-चालू करून जीव आणला, तिला दुसरी गाडी लागली आणि आमचा वेग निम्म्यावर आला. दोन गनच्या बऱ्याच मशीनमध्ये ताकद अशी वाटली जाते. मशीनवर ६० लिहिलेलं असलं तरी दोन गाड्या लागल्या की प्रत्येकीला ३०. थांबायचा वेळ ठरवताना हे धरूनच ठरवा. आदल्या दिवशी त्या हॉटेलला किंवा पंपाला फोन करून 'जरा बघून सांगता का, चालू आहे का' असं विचारायला लाजू नका. लोक जाऊन बघतात आणि सांगतात. प्लगशेअर या चार्जर शोधायच्या ॲपवर आधी येऊन गेलेल्यांचे शेरेही वाचा. काही जुन्या मशीनची गन वेगळ्या घडणीची असते, ती आपल्या गाडीच्या सीसीएस-२ सॉकेटला बसत नाही, तेव्हा फोटो बघून घ्या. दोन-तीन कंपन्यांची ॲप टाकून, त्यात थोडे पैसे भरून ठेवा. उन्हात उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात फार वेळ जातो.

पंच्याऐंशी टक्क्यांवर निघालो. सोनगीरहून वळून चिमठाणे, दोंडाईचा. सारंगखेड्याला तापीच्या पुलावरून नदी बघितली आणि शहाद्याजवळच्या मामांच्या गावात जेवायला पोचलो. दादर ज्वारीची भाकरी, शेवभाजी, वांग्याचं भरीत. गाडीत पंचावन्न टक्के होते. तोरणमाळ तिथून पन्नासेक किलोमीटर, पण सगळा चढ. त्यामुळे रात्रभर चार्ज करून सकाळी वर जायचं हे आधीच ठरलेलं होतं, आणि कूलरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटचा फोटोही मामांकडून मागवून घेतला होता.

केबल लावली. लाल दिवा. अर्थिंग नाही.

मामांनी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने होल्डरला दोन वायरी जोडून शंभरचा बल्ब आधी फेज आणि न्यूट्रलला लावला, तो लख्ख पेटला. मग तोच बल्ब फेज आणि अर्थला लावला, तेव्हा आतली तार नुसती तांबूस झाली. अर्थची पट्टी होती, वायर होती, खड्डाही होता. मामांनी खड्ड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "उन्हाळामा जमीन कोल्ली व्हई जास. अर्थिंगले पानी पाज." कोल्ली म्हणजे कोरडी. त्यांचं खरं होतं. आपली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ती पट्टीपासून सुटते. पावसाळ्यात जे अर्थिंग उत्तम असतं ते उन्हाळ्यात नावालाच उरतं. खड्ड्यात कळशीने पाणी ओतत गेलो, माती पीत गेली. वायरमनने पट्टीचा गंजलेला बोल्ट घासून पुन्हा आवळला. अंधार पडायच्या सुमारास पुन्हा बल्ब लावला तेव्हा तो फेज-न्यूट्रलसारखाच पेटला, आणि केबलचा दिवा हिरवा झाला.

ही बल्बची चाचणी वायरमननेच करावी, आपण नाही. तुमच्या घरचा चार्जर मे महिन्यात अचानक रुसला तर मात्र कंपनीला फोन करण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून बघा. नवीन अर्थिंग करणार असाल तर ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटसारखी पूड भरून घ्या आणि वरून पाणी घालायला पाइप ठेवायला सांगा. चार्जरचं अर्थिंग उन्हाळ्यातच तपासून घ्या, जानेवारीतल्या ओलसर जमिनीतल्या आकड्यावर जाऊ नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अशा वेळी कोणीतरी सुचवतं, 'सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका, लगेच चालू होईल.' चालू होतं हे खरं आहे. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, सैल झाला, तर गाडीच्या अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. सकाळी अंगणात खेळणारं पोर पहिल्यांदा गाडीलाच हात लावतं. तो लाल दिवा माणसाचा जीव वाचवायला दिलेला आहे, त्याला फसवू नका. अर्थिंग जमलंच नाही तर चार्जिंग नको, तालुक्याच्या गावी जाऊन दुसरी सोय बघा.

अर्थिंगनंतर व्होल्टेज. संध्याकाळी मामांकडे १८५ च्या आसपास होतं. सगळ्या गावाचे कूलर चालू असताना आपणही ओढायला लागलो की शेजाऱ्यांचे पंखे मंदावतात. म्हणून गाडीत टायमर लावून रात्री अकरानंतर चार्जिंग सुरू केलं, तेव्हा व्होल्टेज सव्वादोनशेपर्यंत चढलं होतं. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघितला. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर सॉकेट आतून सैल आहे, ताबडतोब काढा. गाडीत किंवा केबलवर करंट कमी करायची सोय असेल तर जुन्या घरात कमीवरच ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात वापरू नका. सकाळपर्यंत सत्त्याऐंशी टक्के झाले, म्हणजे १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रीत तीसेक टक्के मिळतात असं धरा. मामा नको नको म्हणत असताना विजेचे पैसे मामींच्या हातात दिले. पाहुणचार वेगळा आणि मीटर वेगळं, हे सगळ्यांनीच पाळावं.

तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर आहे, शहाद्यापेक्षा जवळजवळ हजार मीटर वर. माणसं आणि सामान धरून दोन टनांच्या आतबाहेरची गाडी एवढी उचलायला पाचेक युनिट नुसती चढायलाच जातात, रस्ता कापायची वेगळी. वर पोचेपर्यंत सव्वीस टक्के खर्च झाले. सात पायरीच्या वळणांवर गाडीने कुठेही दम टाकला नाही. गिअर बदलायचा नाही, क्लच जळायची भीती नाही. या घाटात डिझेल गाडीपेक्षा ही शांतपणे चढते हे चालवल्याशिवाय पटणार नाही. उतरताना रिजन, म्हणजे गाडीचा वेग रोखत बॅटरी भरणारी सोय, वरच्या पातळीवर ठेवलं, ब्रेकला क्वचित पाय लावावा लागला, आणि परत मामांकडे पोचेपर्यंत अवघे सात-आठ टक्के गेले. वर मुक्काम करून तिथे चार्ज करणार असाल तर बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज मावत नाही, रिजन काम करत नाही, आणि मग सगळा घाट साध्या ब्रेकवर उतरावा लागतो. ऐंशीवर थांबा. वर फास्ट चार्जरच्या भरवशावर जाऊ नका, आणि मोबाइलची रेंज जाते-येते म्हणून ॲपमधलं काम खालीच उरका. यशवंत तलाव आणि सीताखाई मात्र निवांत बघा, घाई करू नका.

परतताना मामींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यामुळे भर दुपारी धुळ्याला पोचलो. त्या उन्हात फास्ट चार्जिंग सकाळपेक्षा बरंच सावकाश झालं, कारण बॅटरी तापलेली असली की गाडी स्वतःच वेग कमी करते. गाडीच्या पंख्याचा आवाज वाढला, त्याला घाबरायचं नाही. दुपारी थांबायचं असेल तर शेड असलेला चार्जर निवडा आणि वेळ दीडपट धरा. घरी आल्यावरही गाडी लगेच प्लगला लावू नका, तास-दोन तास थंड होऊ द्या.

छत्रपती संभाजीनगरकडून चाळीसगावमार्गे येणाऱ्यांसाठी एक सूचना. कन्नडचा घाट येताना उतार आहे, त्यामुळे खानदेशात शिरताना टक्केवारी फार छान दिसते. जाताना तोच घाट चढायचा आहे. येतानाचा आकडा परतीच्या हिशोबात धरू नका, आणि चाळीसगाव सोडण्याआधीच बॅटरीत भरपूर शिल्लक ठेवा.