पंचवीस मिली

"मॅडम, ३० मिमीचा झोन! मस्त चालतंय औषध."

नव्या जेआरएफने, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोने, जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या डिस्कवर पट्टी धरून सांगितलं. झोन म्हणजे औषधाच्या या चकतीभोवतीचं, जंतू न वाढलेलं वर्तुळ. पण प्लेटवर कंट्रोलचा, म्हणजे चाचणी बरोबर चालतेय का ते पाहायचा ठरलेला जंतू होता: ई. कोलाय, एटीसीसी २५९२२. १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती त्याचा झोन १९ ते २६ मिमीतच बसायला हवा.

जंतूंचं सस्पेन्शन ०.५ मॅकफारलंडला, म्हणजे गढूळपणाच्या ठरलेल्या मापाला, जुळवलेलं. ते पसरवायचा स्वॅबही प्लेट ६० अंशांनी फिरवत तीनदा नीट फिरवलेला. मग प्लेटमधला अगारच, म्हणजे जंतू वाढवायचा जेलीसारखा थर, सुरीने कापून पाहिला. जेमतेम २ मिमी! हवा ४.

"बाटलीत म्युलर-हिंटन अगारचं मिश्रण कमी उरलं होतं, म्हणून सगळ्या प्लेट्समध्ये थोडं थोडं वाटलं," ती म्हणाली.

पंगतीत आमटी पुरवावी तसं. ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिली लागतं, तेही सपाट ओट्यावर ओतलेलं. थर पातळ असला की औषधाला खाली जायला जागा उरत नाही, ते आडवं पसरतं आणि झोन फुगतो. कंट्रोल लावला म्हणून कळलं. पेशंटचा रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा जंतू असता, तर रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' (औषध चालेल) असं गेलं असतं.

हीच मुलगी पीसीआरचे (डीएनएच्या प्रती काढायच्या तंत्राचे) प्रायमर झोपेतही डिझाइन करेल. प्लेट ओतायला मात्र कुणी शेजारी उभं राहून शिकवलंच नव्हतं. 'ते लॅब अटेंडंट करतात ना'.

तुमच्याकडे कोण शिकवतं?